छातीची वाटणी

जमिनीची वाटणी करायला मोजणीवाला लागतो, घराची करायला वकील. कर्नलसाहेबांच्या छातीची वाटणी मात्र नखं कापायच्या कात्रीने झाली होती, तीही जेवणाच्या टेबलावर, सत्तराव्या वाढदिवसाचा केक संपल्यावर. सगळी मुलं एका छपराखाली आली होती आणि साहेबांना न्याय करायची उबळ आली होती. अशा दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या की त्या घरात काहीतरी तुटायचंच. त्या दिवशी टाके तुटले.

एका पट्टीवर ओळीने शिवलेली चार पदकं साहेबांनी उसवली आणि पत्ते वाटावेत तशी वाटली. शौर्याचं थोरल्याला, कारण तो थोरला. जखमेचं मधलीला, कारण ती दातांची डॉक्टर, दुखण्याखुपण्याचं खातं तिचं. उंच डोंगरावरच्या चौकीचं धाकट्याला, कारण तो कायम हवेतच असायचा. चौथं दीर्घ सेवेचं. त्याची पलटणीतसुद्धा थट्टाच व्हायची, की इतकी वर्षं मेला नाही आणि पकडलाही गेला नाही, म्हणून मिळतं. ते कुणाला द्यावं हे साहेबांना सुचलं नाही आणि कुणी हातही पुढे केला नाही. शेवटी कर्नलीणबाईंनी केकचा चुरा गोळा करता करता ते उचललं आणि बटणांच्या डब्यात टाकलं.

बाईंच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच पडला नाही. बाईंनाही नाही. त्या बश्या विसळत होत्या.

आणि आता, इतक्या वर्षांनी, पलटणीचं आमंत्रण आलं होतं. रविवारी सकाळी जुन्या-नव्यांची एकत्र परेड. ‘पदके परिधान करून यावे ही विनंती.’ लष्करातली विनंती म्हणजे काय असते हे बाईंना लग्न झाल्याच्या आठवड्यातच कळलं होतं.

“मला नाही जमायचं,” साहेब पत्र घडी करत म्हणाले. “गुडघे.”

बाईंनी त्या गुडघ्यांकडे पाहिलं. याच गुडघ्यांनी काल शेजारच्या मांजराला कुंपणापर्यंत पिटाळलं होतं. पण त्या काही बोलल्या नाहीत. माणूस खोटं बोलायला लागला की त्याला थोडी जागा द्यावी, तो स्वतःच अडखळतो, असा त्यांचा संसारातला अनुभव होता.

साहेब गुरुवारी दुपारी अडखळले. मागच्या ओट्यावर उन्हात बसून ते परेडच्या बुटांना पॉलिश करत होते. बोटाला फडकं गुंडाळलेलं, थुंकीचा एक थेंब, मग इवले इवले गोल. बूट असा चमकत होता की त्यात तोंड पाहून दाढी करावी.

“न जाणाऱ्या माणसाचे बूट फारच छान दिसतायत हो,” बाई म्हणाल्या.

“चामडं सुकतं. निगा राखावी लागते.”

“माझंही सुकतं. तिकडे नाही कधी लक्ष गेलं ते.”

संध्याकाळी फोन वाजला. साहेबांचा जुना वायरलेसवाला. वायरलेसवर ओरडून ओरडून त्याला सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं वाटायचं. “बाईसाहेब! साहेब येतायत ना? आपल्या कंपनीतले आता आम्ही एका बाकावर मावतो! पुढच्या खेपेला बाकही लागायचा नाही!” आणि तो मोठ्याने हसला. बाईंना हसू आलं नाही. साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आख्ख्या गल्लीने ऐकलं होतं.

“मुलांना फोन करा,” रिसीव्हर ठेवून बाई म्हणाल्या. “एका दिवसापुरती द्या म्हणावं.”

“दिलेलं परत मागत नाही मी.”

“मग तसेच जा.”

“तसाच?” साहेब वळले. “ते बाकावर बसलेले असणार, प्रत्येकाच्या छातीवर त्याचं त्याचं. आणि त्यांचा कंपनी कमांडर येणार रिकाम्या कोटाने. विचारतील, साहेब, कुठे गेली? काय सांगू? केकबरोबर वाटली?”

एवढं मोठं वाक्य साहेब वर्षातून एकदाच बोलत. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि शुक्रवारी सकाळी तिन्ही मुलांना फोन लावला. उद्या दुपारी जेवायला या. येताना आपापलं पदक आणा. ज्याचं पदक नाही त्याला ताट नाही.

*

शनिवारी सगळ्यांत आधी थोरला आला, हे पाहूनच बाई सावध झाल्या. तो वेळेवर येतो तेव्हा काहीतरी ठरवून येतो. त्याच्या अंगावर नवाकोरा गडद निळा ब्लेझर होता, सोनेरी बटणांचा. मागे सूनबाई, आणि तिच्या दोन्ही हातांत कापडात गुंडाळलेली भलीमोठी फ्रेम.

ही फ्रेम बाईंच्या ओळखीची होती. थोरल्याच्या फर्निचरच्या शोरूममध्ये त्याच्या खुर्चीमागे ती टांगलेली असे. लाल मखमल, वर छोटा दिवा, मधोमध शौर्यपदक. सोफा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला थोरला ती लढाई सांगे. सेल लागला की किमती उतरत आणि शत्रूची संख्या चढे. मागच्या सेलमध्ये साहेबांनी एकट्याने जवळजवळ एक पलटण कापून काढली होती. साहेबांनी स्वतः ती गोष्ट घरात कधी सांगितली नव्हती. विचारलं तर म्हणत, “धूर फार होता.”

“आई, काळजीच करू नकोस,” थोरला म्हणाला. “मी सगळं जमवलंय. बाबांचे गुडघे दुखतात ना? मग बाबांच्या वतीने मी जाणार. प्रतिनिधी म्हणून.” आणि त्याने ब्लेझर जरा उघडून धरला. डाव्या छातीवर चार पदकं ओळीने चमकत होती.

साहेब आरामखुर्चीत होते. त्यांनी चष्मा लावला, त्या ओळीकडे बघितलं, चष्मा काढला.

“उजवीकडे,” ते म्हणाले.

“काय, बाबा?”

“ज्याने मिळवलं तो डावीकडे लावतो. नातेवाईक उजवीकडे.” मग त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात घातलं. घरात तोंडं सुटायची वेळ आली की साहेब अशी माघार घेत. पलटणीत ते कधीच मागे हटले नव्हते म्हणे. ती सगळी हौस त्यांनी घरी भागवून घेतली.

तेवढ्यात धाकटा आणि मधली एकत्रच आत आली. ही दोघं एकत्र आली म्हणजे गाडीत दादाविरुद्ध युती झालेली असणार, हे बाईंनी ओळखलं. ती कितपत टिकेल एवढंच बघायचं होतं.

“अय्या दादा, बँडवाल्यांत लागलास का?” मधली दारातूनच म्हणाली.

“तू गप बस. तुझं आणलंस का?”

मधलीने पर्समधून मऊ डबी काढून टेबलावर ठेवली. आतलं पदक झगमगत होतं. बाई वाकून पाहायला लागल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

“हे पिवळं का दिसतंय ग?”

“सोन्याचं पाणी दिलंय. काळं पडलं होतं, आई. आणि दादाला शौर्य, मला मेली जखम! निदान दिसायला तरी बरं असावं म्हटलं. चेनमध्ये घालून एकदा परिषदेला गेले होते, सगळ्यांनी विचारलं, कुठल्या डिझायनरचं.”

“मग काय सांगितलंस?” सूनबाईने गोड आवाजात विचारलं. “तोफेच्या कारखान्याचं?”

साहेबांच्या मांडीत तोफगोळ्याचा एक तुकडा अजून होता. थंडीत तो दुखे आणि ते त्याला ‘भाडेकरू’ म्हणत. बाईंनी सोनेरी पदक हातात घेतलं, काहीतरी बोलणार होत्या, पण आधी सगळ्यांचं होऊ दे म्हणून गिळलं. “धाकट्या, तुझं?”

धाकट्याने खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीतलं पदक फारच नवं होतं. फितीवरची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. बाईंनी ते उलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला. प्रत्येक पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत साहेबांचा नंबर आणि नाव कोरलेलं असे. इथे अंगठा नुसता गुळगुळीत घसरला.

“हे तुझ्या बाबांचं नाही.”

“नाही म्हणजे... तसं ते बाबांच्याच जातीचं आहे.” धाकट्याने भावाबहिणीकडे पाहिलं, कुणी मदतीला येईना. “ते मी तिला दिलं होतं. आपली ती गिर्यारोहकीण. मग आमचं मोडलं. तिने फोन उचलला नाही. मग छावणीच्या फाटकासमोर ते शिंप्याचं दुकान आहे ना, तिथे सगळी मिळतात. टोप्या, बिल्ले, पदकं. शौर्याचं तर काउंटरवरच ठेवलंय, बिस्किटांच्या बरणीशेजारी.” बोलता बोलता त्याची नजर थोरल्याच्या छातीवर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. “दादा! तुझी तिथलीच आहेत! ही पट्टी त्यानेच शिवलीये, मला दाखवत होता!”

ती दोघं भावंडं शाळेपासून कधी एका दुकानात गेली नव्हती. बापाला फसवायला गेली.

“प्रतिनिधी आहेत ना,” मधली म्हणाली. “मग पदकंही प्रतिनिधीच.”

“तुला दातांपलीकडे काय कळतं ग?”

“तुझे सगळे दिसतायत, दादा. एवढं तोंड उघडू नकोस.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे. त्या फक्त हातातला डाव खाली ठेवत. “थोरल्या, खरं शौर्यपदक या फ्रेममध्ये आहे. तू घेऊनही आलायस. मग छातीवर बिस्किटवाल्याचं कशाला?”

थोरला सूनबाईकडे पाहू लागला. सूनबाई खिडकीबाहेर पाहू लागली.

“फ्रेम उघडत नाही,” थोरला म्हणाला.

“का?”

“उघडते तशी. पण... फ्रेमवाल्याला मी म्हटलं होतं, घट्ट बसव, चोरीबिरी नको. त्याने चिकटवलंय.”

“कशाने?”

“गोंदाने. तो दारांना वापरतात तो. आमच्याच शोरूममधला.”

आता मात्र साहेबांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी यंत्र कानात घातलं. बाईंना वाटलं, आता घर दणाणणार. पण साहेब नुसतेच बसून राहिले, समोरच्या टेबलाकडे बघत. एक सोनेरी, एक दुकानातलं, एक दाराच्या गोंदात. बाईंनी हा चेहरा आधी एकदाच पाहिला होता. हॉस्पिटलात, मांडीला बँडेज असताना, शेजारची खाट रिकामी झाली त्या सकाळी.

“गुडघेच दुखतायत,” साहेब म्हणाले. “मी म्हटलंच होतं. वाढ आता.”

*

कुणी जेवायला बसलं नाही. सूप गार झालं आणि त्यावर साय धरली.

पहिली हलली ती सूनबाई. ती मुळात नवऱ्याच्या बाजूने आली होती, फ्रेम तिनेच वाहून आणली होती. पण ती लढाईची गोष्ट तिला रोज ऐकावी लागे, आणि आज त्या गोष्टीतला माणूस समोर बसून गार सुपाकडे बघत होता. तिने फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागचे खिळे चमच्याने उचकटले आणि मखमलीचा पुठ्ठा बाहेर काढला.

“अगं, ती फ्रेम!” थोरला ओरडला.

“सोफा विका आता तुम्ही. नुसता सोफा,” ती म्हणाली, आणि पर्समधून नेलपेंट काढायची बाटली काढून नणंदेसमोर ठेवली. “वन्सं, याने गोंद सुटेल का?”

मधली आणि सूनबाई यांचं नात्यातल्या गेल्या लग्नापासून बोलणं बंद होतं. मधलीने बाटलीचा वास घेतला. “फितीला लागू द्यायचं नाही. आणि गाडीतून माझी हत्यारांची पेटी आणा कुणीतरी.”

धाकटा पळत गेला.

पुढचा तासभर बाई पाहत राहिल्या. मधलीने डोक्याला दिवा बांधला, पदक टॉवेलवर घेतलं आणि दातांवरचं किटण खरवडायच्या आकडीने गोंदाचा एकेक पापुद्रा काढायला लागली. सूनबाई कापसाचे बोळे भिजवून देत होती. थोरला ब्लेझर काढून टॉर्च धरून उभा होता आणि दर मिनिटाला “हळू, हळू” म्हणत होता.

“दादा, पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर थांबावं.”

“ओरखडा पडेल ग!”

“दाराचा गोंद लावताना नाही सुचलं?”

एका क्षणी मधली थबकली. कडेवरचा गोंद निघाला होता आणि खालून अक्षरं वर आली होती. बारीक, काळपट. तिने ती मोठ्याने वाचली नाही. दिवा तसाच ठेवून सगळ्यांना आळीपाळीने वाकून पाहू दिलं. थोरल्याने सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं. इतकी वर्षं पदक त्याच्या डोक्यामागे टांगलेलं होतं, कडेचं नाव त्याने कधी वाचलेलं नव्हतं.

बाईंनी सुईत जाड काळा दोरा ओवला. पट्टी तीच, जुनी. शौर्याचं पहिलं. मग जखमेचं, सोनेरी. मग डोंगरावरचं, दुकानातलं.

“हे असलं नाही लावायचं मला,” साहेब म्हणाले.

“का नाही? एक मुलगी मिरवते, एक मुलगा हरवतो, एक चिकटून बसतो. तुमचंच आहे सगळं. दुसरं कुणाचं लावणार?”

“मी दिलेलं परत घेत नाही.”

“मग उसनं घ्या,” बाई म्हणाल्या. “उसन्याला लाज कसली? मुलांकडून उसनी घ्यायची, सोमवारी ज्याची त्याला पोचती करायची.”

साहेबांनी विचार केला. या पळवाटेविरुद्ध त्यांच्या नियमपुस्तकात काही नव्हतं. त्यांनी मान हलवली. थोरल्याने श्वास सोडला. धाकट्याने सूप गरम करायला ठेवलं.

“आणि चौथं?” साहेबांनी पट्टीवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. “दीर्घ सेवेचं. ते कुणाकडे आहे?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच, कुणाकडे?

“माझ्याकडे,” बाई म्हणाल्या.

“तुझ्याकडे? मी तुला कधी दिलं?”

“नाहीच दिलंत. टाकलंत. टाकलेलं असतं ते उचलणाऱ्याचं.” त्यांनी बटणांचा डबा मांडीवर घेतला, पण झाकण उघडलं नाही. वर तळवा ठेवून बसल्या. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. कालपासून त्या सगळ्यांना ‘द्या रे बाबांना’ म्हणत होत्या, आणि आता आपली पाळी आली तर हातच उचलेना.

“मग दे ना,” साहेब म्हणाले.

“मागा.”

“मागतोच आहे की.”

“हुकूम सोडताय. मागा.”

मधलीच्या डोक्यावरचा दिवा सरळ साहेबांच्या तोंडावर पडला होता. साहेबांनी घसा साफ केला. बदल्यांवर बदल्या, दर खेपेला बांधाबांध, दर खेपेला नवी शाळा, नवे जिने. मागे राहिलेलं घर, तीन आजारी मुलं आणि वर्षभर न येणारी पत्रं. यातलं काही त्यांना त्या क्षणी आठवलं की नाही, बाईंना कळायला मार्ग नव्हता. त्यांना स्वतःला मात्र सगळं आठवलं, अगदी ट्रंकांवरच्या नंबरांसकट.

“उसनं देतेस का?” साहेब म्हणाले. मग थोडं थांबून, “एका दिवसासाठी. जपून वापरीन.”

बाईंनी डबा उघडला. बटणांत हात घालून पदक काढलं. वर सोन्याचं पाणी नाही, खाली गोंद नाही. बटणांशी घासून घासून कडा जरा उजळल्या होत्या, एवढंच. त्यांनी ते शेवटच्या जागी ठेवलं आणि पहिला टाका घातला.

“हरवलंत तर बिस्किटवाल्याचं चालणार नाही,” त्या म्हणाल्या.

*

रविवारी परेडला कोण काय म्हणालं ते साहेबांनी घरी सांगितलं नाही. धाकटा गाडी चालवत घेऊन गेला होता, त्याने सांगितलं. सोनेरी पदकाकडे बघून वायरलेसवाला मोठ्याने ओरडला होता, “साहेब, तुमच्या जखमेला बढती मिळाली वाटतं!” आणि अख्खा बाक हसून हसून खोकायला लागला होता. बाकावर साहेबांसाठी मधली जागा ठेवली होती. ते तिथे बसले, गुडघे अजिबात न दुखता.

दुपारी परत आले तेव्हा सगळी मुलं अजून घरातच होती, त्याचंही बाईंना आश्चर्य वाटलं. साहेबांनी बूट काढले नाहीत, पाणी मागितलं नाही. नखं कापायची कात्री मागितली. टेबलाशी बसून त्यांनी पट्टीच्या शेवटच्या टोकाचे टाके कापले आणि एकच पदक सुटं करून बाईंपुढे धरलं.

“मोजून घे. ओरखडा नाही.”

बाईंनी कडेवरून अंगठा फिरवला. नाव जागेवर होतं.

“आई, लाव ना जरा,” सूनबाई म्हणाली. “बघू तरी.”

“चल, काहीतरीच!” पण बाईंनी पदक आपल्या कपड्यांवर धरून पाहिलंच, आरशात नाही, खिडकीच्या काचेत. “कुठल्या बाजूला हो?”

“उजव्या, आई,” थोरला लगेच म्हणाला. कालच शिकला होता, आज शिकवायला तयार. “नातेवाईक उजवीकडे.”

साहेब खाली वाकून बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ती नातेवाईक नाही,” ते म्हणाले.

बाईंचा हात उजवीकडून निघाला, मध्येच थांबला, आणि डावीकडे गेला. क्षणभर तिथेच राहिला.

“ऐकलंत का रे?” मग त्या मुलांना म्हणाल्या. “इतका संसार केला, आणि आज कळतंय की मी या घरात कुणाची कुणी नाही.” आणि पदक बटणांच्या डब्यात टाकून त्यांनी झाकण घट्ट लावलं, कारण पुढच्या वर्षी कुणी मागायला आलं तर ते सापडायला हवं होतं.